बसेल, पण चालायची नाही

नगर–मनमाड रस्त्याने शिर्डीकडे जाणारा यात्रेकरू राहाता गाव ओलांडतो तेव्हा त्याची दृष्टी बहुधा रस्त्याकडेच्या पेरूच्या पाट्यांवरून पुढे सरकत नाही. आणि पुढे पाचसहा किलोमीटरांवर साईबाबांचे समाधिमंदिर असल्यामुळे, तालुक्याचे ठाणे असूनही, या गावाच्या वाट्याला वाटेवरचे गाव एवढीच ओळख येते. वस्तुतः बाबांच्या हयातीत राहात्याचे स्थान असे गौण नव्हते. बाबा फिरावयास जात ते एका दिशेस राहात्यापर्यंत आणि दुसऱ्या दिशेस नीमगावपर्यंत, त्यापलीकडे नाही, आणि राहात्याहून त्यांनी झेंडूची, जाईजुईची रोपे आणून शिर्डीत लावली, असे 'श्रीसाईसच्चरित्र' सांगते. या परिसरात छायाचित्र या वस्तूला जे महत्त्व आहे त्याचे मूळही तेथेच आहे. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी बाबांनी देह ठेवला तोवर त्यांची जी मोजकी छायाचित्रे घेतली गेली होती, त्यांच्या प्रतींवर, प्रतींच्या प्रतींवर आणि त्यांवरून रंगवलेल्या तसबिरींवर पुढे शिर्डीची एक संपूर्ण बाजारपेठ उभी राहिली.

राहात्याच्या फोटो स्टुडिओंना मात्र अन्न दिले ते देवाने नव्हे, उसाने. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला, प्रवरेच्या पाटपाण्याखालील जमिनीत उसाचे क्षेत्र वाढले, शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम खेळू लागली, आणि ज्या घरांत पूर्वी लग्नाची स्मृती केवळ देण्याघेण्याच्या यादीत उरत असे त्या घरांत जाड पुठ्ठ्याचा, पानापानाला जाळीदार कागद लावलेला अल्बम दिसू लागला. मी ज्या स्टुडिओत या लेखाच्या निमित्ताने बसलो त्याच्या मालकांनी, नाव छापावयाचे नाही असे बजावून, आपल्या लाकडी कपाटाची दोन्ही दारे उघडून दाखवली. धंद्याची सगळी कैफियत त्यात क्रमवार मांडलेली होती. सर्वांत खाली वडिलांचा यशिकाचा दोन लेन्सांचा कॅमेरा, ज्यात १२० चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो निघत आणि म्हणून छायाचित्रकार तेराव्या पाहुण्याला बळेच हसून टाळीत असे. त्यावर ३५ मिलिमीटरचा, छत्तीस फोटोंचा निकॉन एफएम १०. त्यावर निकॉन एफ ८०, ज्याने त्यांना आयुष्यात प्रथमच डोळा बारीक करून फोकस जुळवण्याच्या श्रमातून मुक्त केले. आणि सर्वांत वर, हाताशी, डिजिटल कॅमेरे. "रोल धुवायला पाठवून आता कित्येक वर्षं झाली," ते म्हणाले, "पण खालचे तिन्ही चालू आहेत. बिघडले असते तर बरं झालं असतं, टाकून तरी दिले असते."

त्यांचे हे उद्गार संपतात न संपतात तोच लोणीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा आत आला. अलीकडे रोलची हौस पुन्हा तरुणांत पसरली आहे, आणि २०२४ मध्ये पेन्टॅक्ससारख्या जुन्या कंपनीने रोलवर चालणारा नवा कॅमेरा बाजारात आणण्याइतकी ती जगभर पसरली आहे; तेव्हा या मुलाच्या पिशवीतून चुलत्याचा एफएम १० निघाला यात मला नवल वाटले नाही. त्याच पिशवीतून त्याचा स्वतःचा डिजिटल निकॉन डी ५६०० निघाला, त्याच्यावरची १८–५५ ची लेन्स त्याने सफाईने उतरवली आणि विचारले,

"काका, ही याच्यावर बसंल का?"

"बसंल ना. पण चालायची नाही."

मुलाने बसवून पाहिली. ती खरोखरच बसली. निकॉनच्या लेन्सा बसताना जो ओळखीचा टक असा आवाज होतो तोही झाला. पुढचा अर्धा तास काकांनी त्याला, आणि ओघाने मला, त्या आवाजावर विश्वास का ठेवू नये हे समजावून दिले. आणि जुन्या कॅमेऱ्यांवर नव्या लेन्सा लावण्याच्या या प्रश्नाविषयी मला जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी त्यातूनच निष्पन्न झालेले आहे.

प्रथम त्या एका लेन्सचीच तपासणी करू, कारण तिच्या ठायी जवळजवळ सर्व व्याधी एकवटलेल्या आहेत. रोलवरील चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते. ही लेन्स मात्र सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरच्या लहान डिजिटल संवेदकासाठी घडवलेली असल्याने तिचे प्रकाशवर्तुळ रोलच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि फोटोचे चारही कोपरे काळोखात जातात. हा दोष त्यांतल्या त्यात क्षम्य म्हणावा, कारण तो निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दोष अॅपर्चरचा. एफएम १० च्या काळी अॅपर्चर किती उघडे ठेवावयाचे हे लेन्सवरील कडे फिरवून छायाचित्रकार ठरवीत असे. २००० सालापासून निकॉनने ज्या लेन्सांना 'जी' हे अक्षर लावले त्यांवरून हे कडेच काढून टाकले आणि तो अधिकार कॅमेऱ्याकडे सोपवला. एफएम १० ला या हस्तांतराची वार्ता नाही. तो शटर दाबण्याच्या क्षणी आपली तरफ नेहमीप्रमाणे पूर्ण सोडून देतो, कारण अॅपर्चर कोठे थांबवावयाचे ते लेन्सवरील कडे पाहून घेईल असा त्याचा समज असतो. कडे नसल्यामुळे अॅपर्चर थेट सर्वांत लहान होऊन बसते आणि मंडपातला फोटो काळा येतो. तिसरा दोष फोकसचा, आणि तो सर्वांत विलक्षण आहे. मुलाची लेन्स निकॉनने २०१६ पासून आणलेल्या 'एएफ-पी' जातीची होती. या जातीत फोकसचे कडे भिंगांशी यंत्राने जोडलेलेच नसते. ते फिरवले की एक विद्युत्संदेश जातो आणि आतील लहान मोटर भिंगे हलवते. हा संदेश ज्याला समजेल असा रोलचा एकही निकॉन कॅमेरा नाही. म्हणजे जुन्या कॅमेऱ्यावर ही लेन्स आपोआप फोकस करणार नाही हे उघडच आहे, पण हाताने करावा म्हटले तरी तो होत नाही.

"मग एफ ८० वर?" मुलाने वरच्या फळीकडे बोट दाखवले.

एफ ८० हा २००० सालचा, म्हणजे 'जी' लेन्सांच्या जन्मवर्षाचाच, त्यामुळे अॅपर्चर तो स्वतः सांभाळतो. लेन्समध्ये मोटर असलेल्या 'एएफ-एस' जातीच्या लेन्सांशीही त्याचे उत्तम जमते. परंतु 'एएफ-पी' त्याच्याही आवाक्याबाहेरची. काकांनी मग कपाटातून आपली ५० मिलिमीटरची जुनी 'डी' जातीची लेन्स काढली, जिच्यावर अॅपर्चरचे कडेही आहे आणि जिच्या बुडाशी स्क्रूच्या डोक्यासारखी एक खाचही आहे. ती एफ ८० ला लावताच कॅमेऱ्यातील मोटरने त्या खाचेत आपला दांडा घालून भिंगे गरकन फिरवली आणि फोकस लागला. तीच एफएम १० ला लावली, कडे हाताने फिरवले, काही अडले नाही. तीच मुलाच्या नव्या डी ५६०० ला लावली, तर फोकस करावयास तो असमर्थ. कारण २००६ च्या डी ४० पासून निकॉनने आपल्या स्वस्त कॅमेऱ्यांतून ती मोटर काढून टाकली आहे. डी ५६०० हून सोळा वर्षांनी जुना असलेला कॅमेरा जे करतो ते नव्याला येत नाही, हे पाहून मुलगा हसला. मला मात्र क्षणभर त्याच्या चुलत्याची बाजू बळकट झाल्यासारखे वाटले.

आपोआप फोकस हा प्रकार येथपर्यंत कसा आला हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कॅमेऱ्यातील मुख्य आरशाचा मध्यभाग किंचित पारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागील एका लहान आरशावर पडून कॅमेऱ्याच्या तळाशी उतरतो, तेथे त्याच्या दोन प्रतिमा केल्या जातात, आणि त्या दोहोंमधील अंतरावरून फोकस पुढे पडला की मागे आणि किती, हे एका मोजणीत कळते. १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० या कॅमेऱ्याने ही युक्ती प्रथम लोकप्रिय केली (तिच्यापायी हनीवेल या अमेरिकन कंपनीशी मिनोल्टाचा जो दावा चालला त्यात पुढे कोट्यवधी डॉलर मोजावे लागले, ही गोष्ट निराळी). या मोजणीला कोणती तरी रेघ, कडा, छायाप्रकाशाचा भेद लागतो. सपाट पांढऱ्या कापडावर ती कुंठित होते. आणि आपल्या लग्नात अत्यंत महत्त्वाच्या क्षणी नेमके काय समोर असते? अंतरपाट. एफ ८० घेतल्यानंतरच्या पहिल्याच लग्नसराईत काकांना याचा साक्षात्कार झाला: मंगलाष्टके चाललेली, वधूवरांमध्ये शुभ्र वस्त्र धरलेले, आणि लेन्स पुढेमागे पुढेमागे घरघरत राहिलेली. तेव्हापासून ते कुंकवाने काढलेल्या स्वस्तिकाच्या कडेवर फोकस धरतात, तो तसाच रोखून ठेवतात आणि अंतरपाट दूर होताच शटर दाबतात. अक्षता पडू लागल्या की पुन्हा तोच घोळ, कारण लेन्स नवऱ्यामुलाचे नाक सोडून हवेतील तांदूळ शोधू लागते. म्हणून अक्षतांच्या वेळी ते अजूनही फोकस हातानेच करतात, आणि जी लेन्स हाताने फिरत नाही ती त्यांच्या मते लग्नात नेण्याच्या लायकीची नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. लेन्स आणि कॅमेरा यांच्या जोडाला, म्हणजे माउंटाला, मी आपल्या महसुली भाषेत वहिवाट म्हणेन: एकाच्या जमिनीतून दुसऱ्याला जाण्यायेण्याचा हक्क, जो एकदा दिला की वारसांनाही पाळावा लागतो. निकॉनने ही वहिवाट १९५९ साली आपल्या 'एफ' या कॅमेऱ्याबरोबर घालून दिली, आणि साठ वर्षे ती मोडली नाही. १९७७ साली प्रकाशमापनाची नवी रीत आणताना त्यांनी लेन्सवरील जुने शिंग निरुपयोगी केले खरे, परंतु गिऱ्हाइकाच्या जुन्या लेन्सांचे कडे बदलून देण्याची सोयही केली. १९८३ साली एफ ३ च्या एका आवृत्तीत त्यांनी फोकसची मोटर लेन्समध्ये बसवून पाहिली. १९८६ साली एफ ५०१ मध्ये ती कॅमेऱ्यात नेली. १९९२ साली ती मोठ्या लेन्सांत पुन्हा परत आणली. २००० साली कडे काढले. २००८ पासून काही लेन्सांत अॅपर्चर यांत्रिक तरफेऐवजी विद्युच्चुंबकाने हलवले आणि अशा लेन्सांना 'ई' हे अक्षर दिले. मुख्य सनद तीच, पण प्रत्येक वेळी एक फेरफार, एक पोटकलम, एक अपवाद. आणि शेवटी दस्तऐवज इतका गुंतागुंतीचा झाला की कोणती लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर काय करील हे सांगण्यासाठी कोष्टके छापावी लागली. २००२ चा एफ ५५ हा रोलचा कॅमेरा 'एएफ-एस' लेन्सांवर फोकस करीत नाही, पण त्याच्या आधीचा एफ ८० करतो, ही त्या कोष्टकातील एक नोंद सांगितली म्हणजे बाकीची कल्पना येईल.

सर्वांत उद्बोधक उदाहरण 'जी' आणि 'ई' यांचे आहे. एफएम १० वर 'जी' लेन्स सर्वांत लहान छिद्रावर अडकते, तर 'ई' लेन्स सर्वांत मोठ्यावर, कारण विजेवाचून तिचे अॅपर्चर मिटतच नाही. 'ई' लेन्स रोलच्या कोणत्याही निकॉनवर उघडीच राहते. २००४ साली आलेल्या आणि २०२० पर्यंत नवा म्हणून विकल्या गेलेल्या एफ ६ वरसुद्धा. म्हणजे निकॉनचा सर्वोत्तम रोल-कॅमेरा आणि निकॉनची सर्वोत्तम लेन्स या दोन्ही एकाच वेळी दुकानात विक्रीस होत्या, एकमेकींवर बसत होत्या, आणि एकमेकींचे काम करीत नव्हत्या.

कॅनॉनने काय केले? त्यांची १९७१ ची 'एफडी' ही वहिवाट उत्तम चालली होती आणि तिच्यावर व्यावसायिकांचे भांडवल गुंतलेले होते. १९८५ मध्ये टी ८० नावाच्या कॅमेऱ्यात तिच्यावरच आपोआप फोकसचे कलम करण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. आणि मार्च १९८७ मध्ये ईओएस ६५० बाजारात आणताना त्यांनी जुनी वहिवाट एका फटक्यात बंद केली. नवे 'ईएफ' माउंट अधिक रुंद, आणि त्यात तरफ नाही, दांडा नाही, काहीच हलत नाही. आहेत ते केवळ विजेचे संपर्क. जुन्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यावर लावण्याची वाटसुद्धा दोन मिलिमीटरांनी अडली, कारण फिल्म आणि माउंट यांमधील अंतर 'एफडी'त ४२ मिलिमीटर होते ते ४४ झाले, आणि मध्ये आणखी एक भिंग घातल्याखेरीज दूरचे दृश्य स्पष्ट होईना. ज्यांनी आयुष्याची कमाई 'एफडी' लेन्सांत घातली होती त्यांनी कंपनीला किती शिव्या दिल्या असतील याची कल्पना मला करवते, आणि त्या रास्त होत्या असेच मी म्हणेन.

तरीही, आज प्रश्न नव्या लेन्सांनी जुन्या कॅमेऱ्यावर काम करण्याचा असेल, तर निष्ठावंत निकॉनपेक्षा निष्ठुर कॅनॉनच उपयोगी पडतो. आणि याचे कारण नीट लक्षात घेण्याजोगे आहे. निकॉनचा जुना कॅमेरा लेन्समधील कामे स्वतःच्या हाताने करीत असे: तरफेने अॅपर्चर मिटवी, दांड्याने भिंगे फिरवी. लेन्स जसजशी ही कामे स्वतः करू लागली तसतसे कॅमेऱ्याचे हात रिकामे पडले. कॅनॉनचा १९८७ चा कॅमेरा मात्र काहीच करीत नाही, फक्त आज्ञा देतो: इतके उघड, इतके पुढे सर. ती आज्ञा लेन्समधील कोणत्या जातीच्या मोटरने पाळली याची चौकशी त्याला नसते. म्हणून २०१५ साली आलेली कॅनॉनची ५० मिलिमीटरची स्वस्त 'एसटीएम' लेन्स, जिच्यातील मोटर १९८७ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्या पहिल्या ईओएस ६५० वर निमूट फोकस करते. अपवाद 'ईएफ-एस' या २००३ पासूनच्या, लहान संवेदकाच्या लेन्सांचा. आणि तोही प्रामाणिक अपवाद, कारण त्या रोलच्या कॅमेऱ्यावर बसतच नाहीत. मागून आत शिरणाऱ्या त्यांच्या भिंगावर मोठा आरसा आपटला असता, म्हणून खाचाच अशा केल्या की चूक होऊच नये. न चालणारी वस्तू बसूही न देणे, यात मला निकॉनच्या त्या आश्वासक टकपेक्षा अधिक सचोटी दिसते.

पेन्टॅक्सने १९७५ चे आपले 'के' माउंट निकॉनच्याच रीतीने जपले आणि त्याच रीतीने गुंतवले. मिनोल्टाचे माउंट २००६ मध्ये सोनीकडे गेले. या दोघांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण आमच्या तालुक्यात लग्ने काढणाऱ्यांच्या हाती मी ते सहसा पाहिले नाहीत.

आरसा नसलेल्या अलीकडच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सांबाबत तर वादच उरत नाही. निकॉनच्या २०१८ च्या 'झेड' माउंटात लेन्स संवेदकापासून केवळ १६ मिलिमीटरांवर असते. जुन्या 'एफ' माउंटात ते अंतर ४६.५ मिलिमीटर. म्हणजे ती लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर लावून दूरचा डोंगर स्पष्ट दिसावयाचा तर ती साडेतीस मिलिमीटर आत खुपसावी लागेल, आणि आत तर आरसा वरखाली होत असतो. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर मध्ये नळी घालून नेता येते, कारण मोकळी जागा असली की ती भरता येते. नसलेली जागा निर्माण करता येत नाही. याउपर कोणी अॅडॉप्टर विकत असेल तर त्याची पावती जपून ठेवावी.

हे सर्व ऐकून झाल्यावर मुलाने सरळ प्रश्न केला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: चुलत्याचा कॅमेरा वापरावयाचा होता, आणि आपोआप फोकस होणारी नवी लेन्सही रोलवर चालवून पाहावयाची होती. काकांनी बऱ्याच वेळाने उत्तर दिले. हयातभर निकॉनखेरीज दुसरे काही न वापरलेल्या माणसाला ते उच्चारणे सोपे गेले नसावे.

"नवीन लेन्सच लावायची असंल, तर कॅनॉनची रोलची बॉडी घे, ईओएस म्हणून लिहिलेली कुठलीबी. मुंबईला बोरा बाजारात जुनी मिळंल. तुझ्या कुणा दोस्ताकडं कॅनॉनची पन्नासची लेन्स असंलच, तीच लाव, दुसरं काही विचारू नको."

"आणि चुलत्याचा हा?"

"याला नवीन काही लावू नको. याला कडं असलेली जुनी लेन्स पाहिजे."

त्यांनी आपली ५० ची 'डी' लेन्स एफएम १० वर चढवली, कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, मागचे झाकण उघडून शटर चारदोनदा उजेडाकडे धरून पाहिले, आणि कॅमेरा मुलापुढे सरकवला. लेन्स विकायची नाही, रोल संपेपर्यंत घेऊन जा, असे म्हणाले. मुलगा दारापर्यंत पोहोचला तेव्हा पुन्हा हाक मारली.

"मीटरचे सेल गेलेत त्याचे. एलआर ४४, दोन लागतील. मोबाइलवाल्याकडं जाऊ नको, घड्याळवाल्याकडं मिळतील."